जलेबीचे मागचे पाय

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, माहेरी आईला नाही — आई तर आता सांगण्यापलीकडे गेली. देवासमोरही मी हे शब्दांत कधी म्हटलं नाही. नुसते हात जोडले आणि त्याला कळलं असेल असं धरून चालले. कळलं असेल का? तुम्ही कोण आहात, हेही मला ठाऊक नाही. म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगता येईल. समोर ओळखीचं माणूस असलं की माझी जीभ जागची हलत नाही.

मोठं काही नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा म्हटलंय. कोणाचं काही चोरलं नाही, कोणाला मारलं नाही. एका कुत्रीची गोष्ट आहे. कुत्रीची — ऐकून कोणी हसेलही. पण हसणाऱ्याला आमचे भाऊजी दिसत नाहीत. मला रोज दिसतात.

मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती, म्हणून वडिलांनी घरी ठेवलं. मला वाईट वाटलं नाही, खरं सांगते. नवीन वर्गात उभं राहून नाव सांगावं लागलं असतं, ते टळलं — एवढंच वाटलं. मी अशीच आहे. रिक्षावाल्याने घर ओलांडून पुढे नेलं तर "थांबा" म्हणत नाही. पुढच्या चौकात उतरते आणि चालत मागे येते. लग्न होऊन बुऱ्हाणपूरला, शनवारा मोहल्ल्यात आले, तेव्हा सासूबाई गल्लीत सांगायच्या, "आमची सून म्हणजे घरात आहे का नाही तेच समजत नाही." कौतुकानंच सांगायच्या. मलाही ते कौतुकच वाटायचं. दिसू नये, ऐकू येऊ नये, कोणी मान वळवून बघू नये — एवढं जमलं की दिवस चांगला गेला.

घरात सासूबाई, माझे यजमान, आमची मुलगी आणि धाकटे दीर — भाऊजी. यजमान कापडाच्या दुकानात. भाऊजींचं लग्न झालं नाही, जमवायला गेलं की ते हसण्यावारी न्यायचे. त्यांची लोडिंग गाडी होती. पहाटे उठून केळीच्या मळ्यांत जायचं, घड भरायचे, मंडीत आणायचे. गाडीवर त्यांचा जीव. सकाळी ती पुसताना शीळ वाजवायचे, तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "घ्या, नवरदेव निघाला नवरीला घेऊन."

जलेबीला त्यांनीच आणलं, चांदनी गावाकडच्या एका मळ्यातून, एवढीशी, केळीच्या वाळल्या पानांत गुंडाळून. रंग गडद, शेपूट गोल वळलेलं. मुलीनं बघितलं आणि म्हणाली, ही तर आपली माव्याची जलेबी. तेच नाव राहिलं. ती भाऊजींची झाली. गाडीच्या सावलीत, चाकाशेजारी झोपायची. गाडी मागे घेण्याआधी भाऊजी शीळ घालायचे, की ती उठून ओट्यावर जायची. त्या दोघांचं ठरलेलंच होतं ते.

एक दिवस शीळ घातली नाही. तोंडात पोह्यांचा घास होता, आणि मंडीतून फोन आला होता. एवढंच.

त्या आवाजाबद्दल मी लिहीत नाही.

ती जगली. पण कमरेपासून मागचा भाग लुळा पडला. पुढच्या दोन पायांनी स्वतःला ओढत ओट्यापाशी यायची आणि शेपूट हलत नाही हे तिला समजत नव्हतं — तोंड तर हसरंच होतं. भाऊजी तिला उचलून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. गाडीत मागे मी बसले, कारण कोणीतरी तिला धरायला हवं होतं, आणि सासूबाई कुत्र्याला शिवत नसत.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी जलेबीच्या मागच्या पंजाच्या बोटांमध्ये चिमटा काढला. तिनं वळून बघितलं आणि पाय किंचित — अगदी किंचित — आत ओढला. बाई म्हणाल्या, "दर्द समझ रही है. मतलब नस बाकी है. मेहनत करनी पड़ेगी, लेकिन चल सकती है." भाऊजींनी तिथल्या तिथे डोळे पुसले. मग बाईंनी माझा हात धरला आणि जलेबीच्या मांडीवर ठेवला. कुठून कुठे चोळायचं, गुडघा पोटाशी कसा न्यायचा आणि परत कसा सोडायचा, सायकल चालवल्यासारखा. तळव्याला गुदगुल्या कशा करायच्या. पोटाखालून कापडाचा पट्टा घालून तिला उभी कशी धरायची, म्हणजे पंजा उलटा न पडता सपाट टेकतो. मी करून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हाथ अच्छा है आपका."

माझ्या हाताला तसं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

आणि घरातलं सगळं मी केलं. मागच्या पडवीत गोधडी टाकून सकाळ-संध्याकाळ. कोमट तेल लावून चोळलं, पाय वाकवले, सोडले, कूस बदलली, जखम होऊ दिली नाही, पोट हलकं दाबून लघवी करवली. पॉवरलूमवरचं कोरं कापड आणून त्याचा पट्टा मीच शिवला. ती माझ्या मांडीवर डोकं टाकून पडायची आणि मी तिच्याशी बोलायचे. माणसांशी बोलले नसेन इतकं. हे मी माझी बाजू म्हणून सांगत नाही. उलट, हे केलं म्हणूनच पुढचं खोटं पचलं. कोणाला शंका घ्यायला जागाच उरली नाही.

राहिलं होतं पाण्याचं.

बाईंनी सांगितलं होतं, रोज पाण्यात चालवायची. पोटापर्यंत पाणी पाहिजे. पाणी अंगाचा भार घेतं, म्हणून जमिनीवर न उठणारा पाय पाण्यात उठतो. आणि एकदा पाय टाकायची आठवण परत आली की मग जमिनीवरही येतो. "शुरू के दो महीने ही सब कुछ हैं. एक दिन भी छोड़ना नहीं," असं त्या दोनदा म्हणाल्या. आमच्याकडे हौद नाही. तापीच्या घाटावर जाणं आलं.

पहिल्या दिवशी भाऊजी बरोबर होते. त्यांनी पट्टा धरला, मी पुढून जलेबीला धरलं. पायऱ्यांवरून उतरवून पोटापर्यंत पाण्यात नेलं. थोडा वेळ काही नाही. मग पाण्याखाली तिचा डावा मागचा पाय हलला. एकदा, मग परत. मी स्वतः बघितलं. भाऊजी ओरडले, "वहिनी! लाथ मारली! बघा ना, लाथ मारली तिनं!" सगळा घाट आमच्याकडे वळून बघायला लागला. भाऊजी हसत होते, रडत होते, आणि मी — मी डोक्यावरचा पदर ओढून घेत होते. तिचा पाय हलला त्याचा आनंद मला झाला होता का? झाला असेल. पण मला आठवतात ती वळलेली तोंडं.

दुसऱ्या दिवसापासून मला एकटीनं जायचं होतं. भाऊजींना पहाटेच मळ्यात जावं लागे. पाण्याचे डबे आणायची एक छोटी ढकलगाडी घरात होती. तिच्यावर त्यांनी केळीचा प्लास्टिकचा कॅरेट घट्ट बांधून दिला, आत गोणपाट घातलं. "तुमची लाल दिव्याची गाडी तयार, वहिनी," म्हणाले. जलेबी त्यात बसून, कान वर करून, बाजार बघत घाटापर्यंत आली.

आमच्याकडे सुनेच्या डोक्यावरून पदर ढळत नाही. आता हे तुम्हीच बघा — पट्ट्याला दोन हात लागतात. वाकावं लागतं. गुडघ्याच्या वर पाण्यात उभं राहावं लागतं. पदर घसरला, तो सावरायला एक हात सोडला तर जलेबी कलली, तिला सावरलं तर पदर पाण्यात. साडी अंगाला चिकटलेली. पलीकडे आंघोळ करणारी माणसं होती. त्यातला एक जण म्हणाला, "भाभी, साबुन भी लगा दो, पूरा ही नहला दो!" आणि बाकीचे हसले. वाईट हसणं नव्हतं ते. कपडे धुणारी एक बाई जवळ येऊन म्हणाली, "अवं बाई, थांब, पदर खोचून देते तुला." तिनं खोचूनही दिला. चांगली होती ती. पण तिनं हात लावला तेव्हा सगळे परत बघायला लागले.

जलेबीनं त्या दिवशीही पाय मारले. आदल्या दिवसापेक्षा जास्त. मधूनच वळून पाणी प्यायची, माझ्याकडे बघायची. ती खूश होती.

पदराला पिन लावता आली असती. ब्लाऊजपाशी एक, केसांपाशी एक. हे मला तेव्हाही सुचलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी घाटापर्यंत गेले नाही.

घाटाच्या अलीकडे एका पडक्या भिंतीआड हापसा आहे. तिथे मी गाडी थांबवली. घाटावरून आवाज येत होते, आज जरा जास्तच गर्दी वाटली. मनात म्हटलं, थोडं थांबू, माणसं कमी झाली की जाऊ. थांबले. मग म्हटलं, आजचा दिवस राहू दे. आणि मग घरी विचारतील म्हणून मी हापशाचं पाणी तांब्यात घेतलं आणि जलेबीला भिजवली. पोटापर्यंत बरोबर. पाठ कोरडी ठेवली, कारण पाण्यात चालणाऱ्या कुत्र्याची पाठ कोरडीच राहते. पट्टा बुडवून पिळला. माझ्या साडीचा घेरही गुडघ्यापर्यंत ओला केला. माझ्यासारख्या बाईला एवढं सुचलं कसं? कोणी शिकवलं? जन्मात कधी मी इतकी हुशार नव्हते.

मग भिंतीआड बसून राहिले, घाटावर जितका वेळ गेला असता तितका. जलेबी घाटाच्या दिशेनं नाक करून बसली होती. तिला पाण्याचा वास येत असेल.

तो एक दिवस नव्हता. तो एकच दिवस असता तर मी हे लिहायला बसले नसते. रोज तेच झालं. निघताना रोज ठरवायचे, आज जायचं. भिंत आली की पाय आपोआप वळायचे. पुढे पुढे तर ठरवणंही बंद केलं.

त्यात आणखी एक. सासूबाई म्हणाल्या, "तू रोज घाटावर जातेसच, तर देवासाठी तापीमाईचं पाणी घेऊन येत जा ना वं." आणि त्यांनी माझ्याजवळ तांब्याचा छोटा गडू दिला. काय करणार होते मी? गडूही हापशावर भरला. ते पाणी आमच्या देवांवर रोज पडलं. सासूबाई त्याचं तीर्थ घ्यायच्या, आम्हाला द्यायच्या, आणि म्हणायच्या, "तापीच्या पाण्याची चवच निराळी." मी ओंजळ पुढे करायचे आणि प्यायचे. त्या दिवसांत मला भीती कशाची वाटायची, सांगू? त्या गडूची. देवाला फसवते आहे, काहीतरी होईल, घरावर काही येईल — रात्रंदिवस हाच घोर. जलेबीच्या पायांची तशी भीती वाटली नाही. देव तर दगडाचे. त्यांना कोणत्या पाण्यानं काय फरक पडणार होता? फरक कोणाला पडणार होता ते गोणपाटावर बसून माझ्याकडे बघत होतं. हे आज समजतं असं मी म्हणणार नाही. तेव्हाही समजत होतं.

भाऊजी संध्याकाळी आले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "मारले का पाय आज?"

पहिले काही दिवस मी म्हणायचे, "मारले." मग, "थोडे मारले." मग, "आज नाही मारले जास्त." मी हळूहळू खाली आणत गेले, म्हणजे शेवटी काही झालं नाही तर कोणाला नवल वाटू नये. ते ऐकून भाऊजी जलेबीशेजारी बसायचे, तिचे पंजे हातात घ्यायचे. "काय गं म्हातारे, थकलीस का? वहिनी एवढं मरतायत तुझ्यापायी, लाज वाटू दे जरा." असं तिला चिडवायचे. आणि मी आत पोळ्या लाटायचे.

गल्लीत माझं नाव झालं. ज्या बायकांशी मी कधी धड बोलले नव्हते त्या थांबून विचारायच्या. कोणी म्हणे, पोटच्या लेकरासाठी नाही करत कोणी एवढं. मी मान खाली घालायचे. लाजाळू बाईनं मान खाली घातली की तिचा चांगुलपणाच दिसतो सगळ्यांना.

दोन महिने सरले, तसं बाईंनी बोलावलं. दवाखान्यात जलेबीला टेबलावर घेतलं. मांड्या दाबून बघितल्या, उभी करून बघितली. कापड सोडलं की ती खाली बसत होती. बाईंनी परत एकदा उभी केली, परत सोडली. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "पानी में रोज़ चलाया न?"

भाऊजी माझ्या शेजारी उभे होते.

मी मान हलवली. हो म्हणून. तोंडानं शब्दसुद्धा काढला नाही — एवढं मोठं खोटं मी नुसत्या मानेनं सांगितलं.

बाईंनी परत विचारलं, "एक भी दिन नहीं छूटा?" मी परत मान हलवली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? जलेबीच्या अंगावर एक जखम नव्हती, कातडी तुकतुकीत होती, सांधे मोकळे होते. माझे हात त्यांनी बघितले होते. त्या म्हणाल्या, "फिर तो नस ही गई. इतना सब करके भी नहीं आया, तो अब नहीं आएगा. आपने अपनी तरफ़ से कोई कसर नहीं छोड़ी." आणि मग भाऊजींना म्हणाल्या की मार फार जोरात बसला होता, यात कोणी काही करू शकत नव्हतं.

भाऊजींनी फक्त "जोरात" एवढंच ऐकलं असावं.

बाहेर आलो. व्हरांड्यात त्यांनी जलेबीला कॅरेटमध्ये ठेवलं, आणि तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, वाकून माझ्या पायांना हात लावला. "वहिनी, तुम्ही केलं तेवढं कोणी केलं नसतं. माझ्याच हातानं झालं ते. माझंच आहे." मी पाय मागे घेतला नाही. घ्यायला हवा होता. निदान तेवढं तरी. पण मी उभी राहिले आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्या भावजयीनं ठेवतात तसा.

त्यानंतर भाऊजींनी गाडी चालवली नाही. आधी म्हणाले, चार दिवस नको. मग चाराचे आठ झाले. मग गाडी दुसऱ्याला देऊन टाकली आणि स्वतः पॉवरलूमवर कामाला लागले. यजमानांनी समजावलं, सासूबाई रडल्या, "एका कुत्र्यापायी रोजी सोडतो का रे?" म्हणाल्या. ते म्हणाले, "आज कुत्रं होतं. उद्या कोणाचं पोर असेल." शीळ तर मी पुन्हा ऐकलीच नाही.

त्यांनी जलेबीसाठी गाडी केली. लहान सायकलची दोन चाकं, पाइप वाकवून, मागे कमरेला पट्टा. पट्टा माझाच, तोच. जलेबी त्यावर गल्लीभर धावायची, वळणावर कलंडायची, परत उठायची. पोरं मागे लागायची. लोक म्हणायचे, बघा, कशी मजेत आहे. होतीही मजेत. ती तक्रार करणाऱ्यातली नव्हतीच.

तुम्हाला वाटेल, झालं, एवढंच सांगायचं होतं. मलाही इथे थांबता आलं असतं. घाटावर लाज वाटली, गेले नाही, खोटं बोलले — ऐकणारा म्हणेल, जाऊ दे बाई, स्वभाव तुझा. पण याच्यापुढे एक आहे. तेच खरं सांगायचं आहे.

थंडी सरत आली होती. सासूबाईंची घरी काही पूजा होती, आणि माझ्या मनानं घेतलं की एकदा तरी खरंच तापीचं पाणी आणावं. दुपारी सगळे झोपलेले असताना निघाले. जलेबी तिच्या चाकांवर मागे मागे आली, मी हाकललं नाही. भिंत ओलांडून पुढे गेले. घाटावर बघते तर कोणी नाही. एक म्हातारा सावलीत झोपलेला, बस. दुपारी घाट रिकामा असतो — हे मला कधी विचारावंसंसुद्धा वाटलं नव्हतं. दुपारी मला कोणी अडवलं नसतं. सकाळीच जा, असं बाई म्हणाल्या नव्हत्या.

मी जलेबीची चाकं सोडली. पट्टा धरून तिला पाण्यात नेली, पोटापर्यंत. पदर कमरेला खोचला. का नेली? बघायचं होतं म्हणा. नस गेली आहे हे डोळ्यांनी बघितलं की सुटेन, असं वाटलं असेल.

तिचा डावा पाय हलला.

पाणी संथ होतं, खालचं दिसत होतं. पाय पुढे आला, मागे गेला, परत पुढे आला. मग उजवाही, तेवढा नाही, पण हलला. पाण्याच्या धक्क्यानं हलतोय की काय म्हणून मी स्थिर उभी राहिले, तिलाही स्थिर धरलं. तरी हलला. ती चालायचं बघत होती. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, पहिल्या दिवशी बघितलं होतं तशीच.

त्याच पावली दवाखाना गाठता आला असता. बाई तिथेच होत्या. फार तर रागावल्या असत्या. संध्याकाळी भाऊजी आल्यावर सांगता आलं असतं — पाय हलतो, अजून हलतो, तुमच्या गाडीनं नस गेली नव्हती. एवढं एक वाक्य. पण मग त्यांनी विचारलं असतं, तेव्हा का नाही हलला?

मी तिला बाहेर काढली आणि पायरीवर बसवून पुसली. माझ्या पदरानंच. पोट, पंजे, बोटांच्या मधलं सगळं कोरडं केलं. उन्हात बसवली. एक थेंब राहू दिला नाही, म्हणजे ती पाण्यात गेली होती हे कोणाला कळू नये. चाकं परत बांधली, गडू भरला. आम्ही घरी आलो. त्यानंतर मी तिला कधीच पाण्यात नेली नाही.

ती पुढे बरीच वर्षं जगली. गेल्या हिवाळ्यात गेली, झोपेतच. भाऊजींनी तिला केळीच्या पानांत गुंडाळून मळ्यात नेऊन पुरली. घरी आल्यावर शेजारी समजूत घालायला आले. म्हातारी झाली होती, कुत्र्याचं आयुष्य केवढं, असं म्हणाले. भाऊजी म्हणाले, "मीच मारली तिला. मरायला वेळ लागला तेवढाच." मी चहाचे कप घेऊन उभी होते. ट्रे पुढे केला. साखर कमी आहे का, असं विचारलं.

यंदा मुलीच्या लग्नात पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला चालक मिळेना. कोणी म्हणालं, तुम्हीच जा ना, दहा मिनिटांचं काम. भाऊजींनी दोन्ही हात मागे घेतले, लहान मूल घेतं तसे. "माझ्या हातात गाडी देऊ नका." सगळे हसले, त्यांना वाटलं, थट्टा करतायत. मला वाटलं, आता बोलावं. मी म्हणाले, "राहू द्या, दुसरा कोणी बघा."

लूमवर इतकी वर्षं काढली, तर आता भाऊजींना ऐकू कमी येतं. त्या खडखडाटात सगळ्यांचंच होतं तसं. मागून हाक मारली तर वळत नाहीत. काही सांगायचं तर समोर जाऊन, तोंडाकडे तोंड करून, मोठ्यानं बोलावं लागतं, आणि आमची गल्ली अरुंद, भिंतीला भिंत लागून. हळू सांगितलं असतं तर त्यांना ऐकू आलं असतं, अशी वर्षं होऊन गेली. तेव्हा मी गप्प होते. आता सांगायचं तर ओरडून सांगावं लागेल.

आत्ता ते ओट्यावर बसलेत, पाठ माझ्याकडे. चहा मागे ठेवला आहे, तो त्यांना माहीत नाही. थंड होतोय. मी उठून समोर जाणार, कप हातात देणार. आणि ते मोठ्यानं विचारतील, "काय म्हणालात वहिनी?" — मी काही म्हणालेली नसेन तरी. ते नेहमी विचारतात. मी मान हलवते. काही नाही, म्हणून.